छोट्या बायोटेक कंपनीत लॅब सायंटिस्ट म्हणून पहिलं वर्ष

विद्यापीठाच्या लॅबमधून दहा-वीस माणसांच्या बायोटेक कंपनीत आलेल्याला तंत्रं नवी वाटत नाहीत. डीएनएच्या प्रती वाढवणारा पीसीआर तोच, प्रथिनं ओळखणारा वेस्टर्न ब्लॉट तोच, इन्क्युबेटरमधले ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडही तेच. नवं असतं ते कामाचं प्रयोजन. तिथे प्रयोगांवर शोधनिबंध उभा राहायचा, इथे प्रयोगांवर निर्णय उभा राहतो. हा रेणू पुढे न्यायचा का? ही सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या एकाच प्रकारच्या पेशी) उत्पादनाला चालेल का? प्राण्यांवरच्या खर्चिक चाचणीला हात घालायचा का? अशा कंपनीला विक्रीचं उत्पन्न बहुधा नसतंच. गुंतवणूकदारांचा पैसा ठरावीक महिने पुरतो आणि तेवढ्यात पुढचा टप्पा गाठावा लागतो. म्हणून वेळेवर आलेलं भरवशाचं ‘नाही’ इथे ‘हो’इतकंच मोलाचं असतं. नवीन माणसाला हे लवकर उमगलं, तर बाकीचं शिकणं सोपं जातं.

पायरी १: होकार कळवण्याआधी

मुलाखतीत प्रश्न विचारायची पाळी तुमच्यावर आली की संकोच करू नका. हातात किती महिन्यांचा पैसा आहे? पुढचा टप्पा कोणता, आणि तो गाठला हे कशावरून ठरेल? सध्या बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलावर, प्रत्यक्ष किती जण काम करतात? मी रोज कोणाला उत्तर देणार? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण छोट्या कंपनीत दोन संस्थापक दोन दिशांना ओढत असले तर मधे सापडतो तो नवीन सायंटिस्टच. उत्तरं देताना समोरचा गुळमुळीत बोलू लागला, तर तेही एक उत्तरच समजा.

पगारासोबत बहुतेक ठिकाणी स्टॉक ऑप्शन्स, म्हणजे कंपनीचे शेअर्स पुढे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, देतात. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क मिळणं आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच न मिळणं, ही नेहमीची रचना. ऑप्शन्सचा नुसता आकडा कितीही मोठा दिसला तरी कंपनीचे एकूण शेअर्स किती हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही, तेव्हा टक्केवारी विचारा. करारातलं शोधांच्या मालकीचं कलमही नीट वाचा. नोकरीत लावलेला शोध कंपनीच्या मालकीचा होतो, हे ठीकच आहे. पण तुमचं आधीचं काही काम असेल तर त्याची यादी कराराला जोडून घ्या, नंतर ते जमत नाही.

पायरी २: पहिला आठवडा प्रयोग करू नका

हा सल्ला उत्साही माणसाला पटत नाही, तरी देतो. पहिल्या आठवड्यात लॅब पाहून घ्या. कुठल्या फ्रीझरमध्ये काय आहे, कुठला सेंट्रिफ्यूज कोण वापरतं, अलार्म वाजला की फोन कोणाला जातो. उणे ८० चा फ्रीझर रात्री बंद पडला तर त्यातले नमुने हलवायला दुसरी जागा आहे का, हे त्याच आठवड्यात विचारा.

मोठ्या संस्थेत सुरक्षेचा वेगळा विभाग असतो. इथे ती जबाबदारी दोघा-तिघांत वाटलेली असते आणि तुमच्याकडेही येऊ शकते. काही गोष्टी तर नोकरीच्या पहिल्याच दिवशी माहीत हव्यात. डीएनए-आरएनए काढायच्या किटमधल्या अनेक बफरमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. असा टाकाऊ द्रव आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो. ‘कचऱ्यात ब्लीच टाकायचं’ ही सेल कल्चरची सवय तिथे घातक ठरते, म्हणून ग्वानिडिनच्या कचऱ्याची बाटली वेगळी आणि ठळक लेबल लावलेली असू द्या. सोडियम अझाइड असलेले बफर सिंकमध्ये ओतत राहिलं तर तांबं-शिसं असलेल्या पाइपांत स्फोटक क्षार साठतात. द्रव नायट्रोजनचा वायू झाला की त्याचं आकारमान जवळपास ७०० पट होतं आणि बंद खोलीतला ऑक्सिजन कोणाला न कळता घटतो. त्या खोलीतला ऑक्सिजन मॉनिटर चालू आहे का, हे स्वतः पाहा.

क्लीन बेंच आणि बायोसेफ्टी कॅबिनेट या दोन्हींना सगळे ‘हूड’च म्हणतात, तिथेही सावध राहा. क्लीन बेंचमधली हवा तुमच्या तोंडावर येते. ती नमुन्याला जपते, तुम्हाला नाही. मानवी पेशी किंवा रक्ताचे नमुने हाताळायचे तर क्लास २ चं कॅबिनेटच हवं, आणि पुढच्या जाळीवर वही, टिप्सचे डबे, कोपर यांपैकी काहीही ठेवायचं नाही.

पायरी ३: स्वतःचे पिपेट तपासा

मला विचाराल तर नवीन माणसाने पहिला प्रयोग हाच करावा. अर्ध्या दिवसात होतो आणि पुढच्या वर्षभराच्या आकड्यांवरचा विश्वास त्यातून येतो.

डिस्टिल्ड पाणी, पिपेट (द्रवाचं ठरावीक माप उचलून सोडणारं हातातलं उपकरण) आणि त्याच्या टोकाला लावायच्या टिप्स तासभर वजनकाट्याच्या खोलीत ठेवा, म्हणजे सगळ्यांचं तापमान एक होईल. काटा मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारा हवा. त्यावर छोटं भांडं ठेवून शून्य करा. १००० मायक्रोलिटरचा पिपेट घ्या. आकडा लावताना आधी थोडा वर नेऊन मग खाली १००० वर आणा, म्हणजे आतल्या स्क्रूचा ढिलेपणा निघून जातो. नवीन टिप लावून पाणी दोन-तीनदा वरखाली करा. मग पिपेट उभा धरून टिप पाण्यात दोन-तीन मिलिमीटर बुडवा, बटण सावकाश सोडा आणि क्षणभर थांबून बाहेर काढा. भांड्याच्या भिंतीला टिप टेकवून सोडा आणि वजन लिहा. असं दहा वेळा. २० अंशांना १ मिलिलिटर पाण्याचं वजन ०.९९८ ग्रॅम भरतं. आयएसओ ८६५५ या मानकानुसार या आकाराच्या पिपेटचं सरासरी माप पूर्ण क्षमतेला ८ मायक्रोलिटरहून जास्त चुकता कामा नये आणि दहा मापांतला विखुरलेपणा ३ मायक्रोलिटरच्या आत हवा.

दहाही वजनं एकाच बाजूला सरकलेली असतील तर दोष पिपेटचा, तो कॅलिब्रेशनला पाठवा. वजनं इकडेतिकडे उड्या मारत असतील तर बहुधा हात घाई करतोय किंवा टिप नीट बसत नाहीये. हाच प्रकार पिपेटच्या सगळ्यात खालच्या मापाला, म्हणजे १०० मायक्रोलिटरलाही करून पाहा. चुका तिथे उघड्या पडतात. ग्लिसरॉलसारख्या दाट द्रवासाठी रिव्हर्स पिपेटिंग वापरायची सवयही इथेच लावून घ्या. म्हणजे बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून भरायचं आणि पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचं.

पायरी ४: पेशींची ओळख पटवा

‘या आपल्या पेशी’ म्हणून कोणी फ्लास्क हातात दिला तर दोन प्रश्न विचारा. या कुठून आल्या? मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींना लपून लागण करणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची, तपासणी शेवटची कधी झाली?

पहिल्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये मिळालेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की जगभरच्या लॅबमध्ये त्या दुसऱ्या फ्लास्कांत शिरल्या. वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन्स प्रत्यक्षात हेलाच आहेत, हे स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. तरी चुकीच्या ओळखीच्या पेशींवरचं संशोधन त्यानंतरही दशकानुदशकं छापून येत राहिलं. आज एसटीआर प्रोफाइलिंगने, म्हणजे डीएनएतल्या पुनरावृत्त तुकड्यांच्या ठशाने, मानवी सेल लाइनची ओळख सहज पटते. त्याचा अहवाल फाइलमध्ये नसेल तर पेशी पाठवा आणि करून घ्या.

मायकोप्लाझ्मा जास्त चकवतो. त्याने मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) गढूळ होत नाही आणि साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन चालत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. पेशी मात्र जगत राहतात, फक्त त्यांची वाढ आणि चयापचय बदलतो. तुम्ही औषधाचा परिणाम मोजताय असं वाटतं आणि मोजत असता संसर्गाचा परिणाम. पीसीआरने नियमित तपासणी करा. नवीन आलेल्या पेशी निकाल हाती येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. एकच इन्क्युबेटर असेल तर निदान त्यांचं काम दिवसाच्या शेवटी करा आणि त्यांची मीडियाची बाटली कोणाशीही वाटून घेऊ नका.

ओळख पटली, तपासणी स्वच्छ आली की लगेच सेल बँक करा, म्हणजे पेशी गोठवून साठवा. साधारण १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी जपणारं द्रावक), मिनिटाला सुमारे १ अंश या वेगाने उणे ८० पर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. आठवड्याने त्यातली एक व्हायल (छोटी कुपी) वितळवून पेशी जगतात का ते पाहा. ही शेवटची गोष्ट बरेच जण टाळतात आणि वर्षभराने गरज पडली की कळतं, बँकेतल्या पेशी मेलेल्या आहेत. व्हायल काढताना तोंडावर शील्ड हवंच. द्रव नायट्रोजनमध्ये बुडालेल्या व्हायलमध्ये तो शिरलेला असेल तर गरम होताना ती फुटते.

पायरी ५: प्रयोग आखण्याआधी निकष लिहा

नोटबुकच्या नव्या पानावर पहिली ओळ अशी असावी: ‘या प्रयोगाने अमुक निर्णय होणार आहे.’ ती लिहिता येत नसेल तर प्रयोग बहुधा करायचा नसतो. दुसरी ओळ निकषाची: किती आकडा आला तर पुढे, किती आला तर थांबायचं. हा निकष प्रयोगाआधी लिहून वरिष्ठांना दाखवा. आकडे आल्यावर निकष लिहिला तर तो नकळत आकड्यांच्या बाजूने वाकतो.

प्रश्न आधी लहान करून विचारण्याचा सगळ्यात चांगला धडा जेनेनटेकच्या सुरुवातीच्या दिवसांत आहे. १९७६ मध्ये कंपनी निघाली तेव्हा लक्ष्य इन्सुलिन होतं. पण जिवाणूंकडून मानवी हार्मोन बनवून घेता येतं का, हेच सिद्ध व्हायचं होतं. म्हणून आधी सोमॅटोस्टॅटिन निवडलं, कारण त्यात अवघी १४ अमिनो आम्लं, इन्सुलिनमध्ये ५१. पहिल्या रचनेत हार्मोन सापडलंच नाही. जिवाणू ते लगेच मोडून टाकत असावेत, असा तर्क करून त्यांनी ते बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाला जोडलं, नंतर रासायनिक रीतीने तोडून वेगळं केलं, आणि १९७७ मध्ये ते मिळालं. पुढच्याच वर्षी इन्सुलिन झालं आणि १९८२ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पहिला निकाल ‘नाही’ आला, पण ‘का नाही’ हे शोधता येईल इतका प्रश्न लहान होता.

कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने, वगळून वेळ वाचत नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल (परिणाम दिसायलाच हवा असा नमुना) नसलेल्या प्लेटमधलं ‘परिणाम नाही’ हे उत्तर कोणालाच वापरता येत नाही, कारण चाचणी चालली का हेच सांगता येत नाही. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या वेलमधून पाणी जास्त उडतं, म्हणून सगळे कंट्रोल एका कडेच्या रांगेत कोंबू नका, नमुने प्लेटभर विखरून लावा. चाचणी निर्णयाच्या लायकीची आहे का, हे पाहायला १९९९ पासून झी-प्राइम नावाचा साधा आकडा वापरात आहे. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह (परिणाम दिसायला नको असा) या दोन्ही कंट्रोलच्या प्रमाण विचलनांची बेरीज करा, तिला ३ ने गुणा, दोन सरासरींमधल्या फरकाने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. ०.५ च्या वर आलं तर चाचणी चांगली. त्याच्या बरंच खाली असेल तर नमुने लावण्याआधी चाचणीच सुधारा.

पायरी ६: छापलेल्या निबंधावर कंपनी उभी करण्याआधी

छोट्या कंपन्यांचा पाया पुष्कळदा एखाद्या गाजलेल्या शोधनिबंधात असतो आणि तो प्रयोग पुन्हा करून पाहण्याचं काम नवीन सायंटिस्टकडे येतं. ॲमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे शोधनिबंध तपासले, त्यांपैकी फक्त ६ निबंधांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले. ही माहिती २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आली. म्हणून तुमच्या हातून प्रयोग जमला नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका आणि निबंधालाही देऊ नका. मूळ लॅबला लिहा, त्यांची अँटिबॉडी आणि पेशी मागवा, त्यांच्या पद्धतीने तंतोतंत एकदा करा. तरीही जमलं नाही तर ते लेखी सांगा. कंपनीसाठी ही बातमी कडू असते, पण आज कळली तर दुसरा रस्ता धरायला अजून पैसा असतो.

पायरी ७: नोटबुक

नोंद अशी हवी की तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला तुमचा प्रयोग करता यावा. ‘मंगळवारी पेशींना औषध दिलं, परिणाम चांगला’ ही नोंद नव्हे. कोणत्या पेशी, कितवा पॅसेज (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये नेल्या), वेलमागे किती पेशी, औषधाचा लॉट (उत्पादनाची खेप) नंबर, कशात विरघळवलं, डीएमएसओचं शेवटचं प्रमाण किती, किती तासांनी वाचलं, कच्ची फाइल कुठे ठेवली, आणि काय वेगळं घडलं, हे सगळं हवं. ‘वेल डी-४ मध्ये बुडबुडा’ हे चार शब्द त्या क्षणी लिहिले तर पुरावा होतात, आठवड्याने लिहिले तर सबब वाटतात. चूक खोडायची झाली तर एक रेघ, सही, तारीख. पान फाडायचं नाही.

पेटंटच्या दृष्टीने एक धोका नवीन माणसाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेतही मार्च २०१३ पासून आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानतात, आणि युरोपात अर्जाआधी शोध जाहीर झाला तर पेटंट मिळणं जवळपास संपतं. परिषदेतलं पोस्टर, जुन्या गाईडच्या लॅबमध्ये दिलेलं व्याख्यान, मित्राला दाखवलेली स्लाइड हे सगळं जाहीर करणं ठरू शकतं. लॅबबाहेर काहीही दाखवण्याआधी विचारा.

पायरी ८: आकडे मांडताना

आठवड्याच्या मीटिंगला संस्थापक बसलेले असतात, कधी गुंतवणूकदारही. आधी उत्तर सांगा, मग आकडे, मग किती खात्री आहे ते. सगळे बिंदू दाखवा, नुसते सरासरीचे खांब नकोत. किती वेळा स्वतंत्रपणे प्रयोग झाला ते लिहा. एकाच दिवशी भरलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

न जुळणारा बिंदू वगळायचा असेल तर त्याचा नियम आधी लिहिलेला हवा आणि वगळल्याची नोंद हवी. एरिका च्युंग पदवी संपवून थेरॅनोस या रक्ततपासणीच्या कंपनीच्या लॅबमध्ये लागल्या तेव्हा गुणवत्ता तपासणीतले नकोसे आकडे काढून टाकले जाताना त्यांनी पाहिलं. त्यांनी आतमध्ये सांगून पाहिलं, मग नोकरी सोडली आणि २०१५ मध्ये सरकारी नियामकांना पत्र लिहिलं. कंपनी २०१८ मध्ये बंद झाली आणि संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. एवढी वेळ बहुतेकांवर कधीच येत नाही. पण ‘हा बिंदू काढला तर ग्राफ छान दिसेल’ हे वाक्य तुम्हाला कधी ना कधी ऐकावं लागेल. त्या वेळी शांतपणे दोन्ही ग्राफ शेजारी ठेवा आणि काय वगळलं ते खाली लिहा. यात मी कुठलीही तडजोड मान्य करणार नाही.

पायरी ९: खरेदी, लॉट आणि बाहेरची लॅब

इथे सामान तुम्हीच मागवता, तेव्हा प्रत्येक वस्तू यायला किती आठवडे लागतात याची यादी ठेवा. सीरमचा आणि अँटिबॉडीचा नवा लॉट जुना संपण्याआधी मागवा आणि दोन्ही एकाच प्रयोगात शेजारीशेजारी लावून पाहा. एरवी एखाद्या दिवशी सगळे आकडे सरकतात आणि कारण सापडत नाही. महत्त्वाची वस्तू एकाच पुरवठादाराकडून येत असेल तर दुसरा शोधून ठेवा. २०२०-२१ मध्ये पिपेटच्या टिप्ससुद्धा मिळेनाशा झाल्या होत्या.

बाहेरच्या कंत्राटी लॅबला काम देताना एक-दोन नमुने खुणेशिवाय दोनदा पाठवा. दोन्हींचे आकडे जुळले तर बाकीच्यांवर भरवसा ठेवता येतो. कोरड्या बर्फातलं पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करा, म्हणजे सुट्टीत अडकत नाही, आणि डबा कधीही हवाबंद करू नका. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांना थेट वायू होतो आणि दाबाने डबा फुटू शकतो. नियामकांकडे जाणारे सुरक्षिततेचे अभ्यास जीएलपीच्या (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) नियमांनी व्हावे लागतात. ते बहुधा बाहेरच होतात, तुम्हाला त्यातले नमुने आणि पद्धत नीट सोपवायची असते.

पायरी १०: प्रकल्प थांबला तर

पहिल्या वर्षात निदान एक प्रकल्प बंद होताना पाहाल, कदाचित तुमच्याच आकड्यांमुळे. वाईट वाटतं आणि ते साहजिक आहे. पण त्या आठवड्यात हात आखडता घेऊ नका, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी नक्की विचारतं, ‘आपण हे का सोडलं होतं?’ एक पानाचा अहवाल लिहा: प्रश्न काय होता, निकष काय होता, आकडा काय आला, आणि काय बदललं तर पुन्हा विचार करता येईल. पेशींच्या निदान तीन-चार व्हायल बँकेत राहू द्या. प्लाझ्मिडचे (जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळांचे) नकाशे, कच्च्या फाइल्सची जागा, व्हायल्स कुठल्या डब्यात कुठल्या खणात, उरलेल्या रिएजंटचे लॉट नंबर, ही यादी त्या पानाला जोडा. ते पान दुसऱ्या सायंटिस्टला वाचायला द्या आणि त्याला जे कळलं नाही ते तिथेच भरून काढा. मग फ्रीझरमधली त्या प्रकल्पाची जागा रिकामी करून पुढच्या प्रकल्पाच्या नावाने डबे लावा.